ताटातली अक्षरे

संस्कृतच्या शिक्षकाला विद्यार्थ्याची भूक ऐकू येते. हे विधान अतिशयोक्तीचे वाटेल, म्हणून आमच्या कामाची थोडी फोड करून सांगतो. श्लोक म्हणताना चरणाच्या शेवटापर्यंत एकच श्वास पुरवावा लागतो आणि तो बेंबीच्या देठापासून यावा लागतो. ज्याचे पाठांतर कच्चे असते ते मूल अडखळते, शेजाऱ्याच्या तोंडाकडे पाहते, चोरून हसते. उपाशी मुलाचे तसे नसते. त्याला सारे येत असते. पहिला चरण ते खणखणीत म्हणते, दुसऱ्यात मागे पडते आणि तिसऱ्यात त्याचे केवळ ओठ हलतात. ते चुकत नाही, विझत जाते.

माझे अध्ययन नांदेडला, गोदाकाठच्या एका पाठशाळेत झाले आणि नोकरीची सारी वर्षे उदगीरच्या एका माध्यमिक शाळेत गेली. इतर शिक्षकांना मुले 'सर' म्हणत, मला 'गुरुजी' म्हणत. सांगतो ती हकीकत दुष्काळाची आहे. लातूर जिल्हा उस्मानाबादपासून वेगळा होऊन फार काळ लोटला नव्हता. कचेऱ्यांवरचे फलक ताजे होते आणि गावच्या विहिरी कोरड्या होत्या. नव्या जिल्ह्याचे अधिकारी गाडीतून येत, त्यांना हार घातले जात आणि त्या हारांवर शिंपडायला पाणी मात्र टँकरचे लागे.

त्या वर्षी माझ्या नववीच्या वर्गाचे पठण दिवसेंदिवस खाली बसू लागले. शिक्षकांच्या खोलीत मी ही गोष्ट काढली, तेव्हा आमचे मुख्याध्यापक म्हणाले, "गुरुजी, उन्हाळा कडक हाय. पोरं सुस्तावलीत."

मी म्हणालो, "सुस्तावलेले मूल जांभई देते. ही मुले जांभईसुद्धा देत नाहीत."

"मग तुमचा समाजसेवेचा तास हायेच की! त्यात द्या काही बोधपर."

समाजसेवेचा तास म्हणजे वेळापत्रकातला अनाथ तास. तो कुणालाच नको असे. म्हणून तो मला मिळे. त्या तासाला मी मुलांना निबंध लिहायला सांगितला, 'माझ्या पाहण्यातील एक गरीब मूल'. निबंध वाचून मी थक्क झालो. लातूरपलीकडे कधी न गेलेल्या मुलांनी महानगरातल्या पदपथांवर झोपणारी पोरे रंगवली होती; एकाने आंधळ्या आईसाठी फुले विकणारी मुलगी आणली होती. उदगीरचे एकही मूल त्यात नव्हते. केवळ चंद्रकला नावाच्या मुलीने चारच ओळी लिहिल्या होत्या. त्यांचा आशय असा : आमच्या भागात गरीब मूल नाही. सगळी कामाला जातात.

चंद्रकला देवणीकडच्या एका खेड्यातून आईबरोबर आली होती. तिकडची विहीर आटल्यावर गिरजाबाई दोन्ही लेकरांना घेऊन रेल्वे स्टेशनामागे पत्र्याच्या आडोशाला राहिल्या आणि मोंढ्यात कामाला लागल्या. मोंढा म्हणजे आमचा धान्यबाजार; त्यातल्या दलालांच्या पेढ्यांना अडत म्हणतात. सौदा झाला, हमालांनी पोती उचलली की जमिनीवर जे दाणे माती-काडीसकट पडून राहतात त्याला मातेरे म्हणतात. ते झाडील त्याचे, असा जुना रिवाज आहे. बायका ते घरी नेतात, पाखडतात, निवडतात आणि त्याचीच भाकर करतात. दुष्काळात पोती घटली आणि झाडणारे हात वाढले. चंद्रकला पहाटे आईबरोबर झाडायची, मग हातपाय धुऊन शाळेत यायची आणि तिचा श्लोक दुसऱ्या चरणात विझायचा.

एके दिवशी गिरजाबाईच शाळेच्या फाटकाशी आल्या. "गुर्जी, पोरीचं नाव काढून टाका."

"का बाई? हुशार मुलगी आहे."

"हुशार हाय म्हणूनच मोंढ्यात लवकर हात चालतो तिचा. दुपारी आणखी दोन अडतीवर झाडलं तर धाकट्याला भाकर हुईल. शाळेत दुपारची काय मिळतंय तिला? तुमचं संस्कृत?"

या प्रश्नाला कोणत्याही शास्त्रात उत्तर नाही. मी महिन्याभराची मुदत मागून घेतली. "महिना द्या. दुपारची भाकर शाळेत मिळाली नाही तर मी स्वतः नाव काढीन."

"बगा बापा," एवढे म्हणून त्या गेल्या.

पुढच्या समाजसेवेच्या तासाला मी मुलांना बोध केला नाही, काम लावले. शाळेत येताना आपल्या वयाची मुले कोणकोणती कामे करताना दिसतात ते पाहून यायचे. पाहायचे, पण बोट दाखवायचे नाही. कामाचे नाव सांगायचे, माणसाचे नाही. दुसऱ्या दिवशी फळा भरून गेला : हॉटेलात कपबशा विसळणे, टँकरच्या रांगेत घागरी राखणे, तलावाच्या कामावर खडी वाहणे, शेण गोळा करणे, मातेरे झाडणे.

एक मुलगा म्हणाला, "गुरुजी, त्यात आपल्या वर्गातलं..."

"काम सांगितलेस ना? बस खाली."

ज्यांना कळायचे त्यांना कळले होते. मग आमच्या संस्थेच्या अध्यक्षांची मुलगी महानंदा उभी राहिली. तिच्या वडिलांना सारे गाव अप्पा म्हणे. मोंढ्यात त्यांची मोठी अडत होती. ती म्हणाली, "मग करायचं काय, गुरुजी? जुने कपडे गोळा करू?"

मागच्या बाकावरून बसवराज म्हणाला, "हिच्या घरी जुनं काहीच नसतंय. हिला नवेच आणावे लागतील!"

हशा पिकला. तो ओसरल्यावर मी विचारले, "श्रीकृष्णाने गवळ्यांच्या पोरांत बसून काय केले?"

"काला!"

"त्या काल्यात कुणाची शिदोरी किती होती?"

चंद्रकलाच म्हणाली, "कालवल्यावर कसं कळंल?"

एवढ्यावर आमचे काम उभे राहिले. मधल्या सुट्टीत वर्गाची दारे आतून लोटायची. मोठ्या परातीत सगळे डबे एकदम रिते करायचे. भाकरी कुस्करायची, त्यात वरण, ताक, चटणी, कांदा, जे असेल ते मिसळायचे. ज्याला आणता येईल त्याने थोडे अधिक आणायचे. ज्याला येणार नाही त्याने रिकामा डबा झाकण लावूनच आणायचा आणि तोही परातीवर उपडा करायचा. कुणाच्या डब्यातून किती पडले, हे कुणी पाहायचे नाही. पहिल्या दिवशी मी स्वतःचा डबा परातीत रिता केला आणि मुलांत मांडी घालून बसलो. माझ्यासारखा सोवळ्याचा मनुष्य सगळ्या जातींच्या हातचे कालवलेले खातो, याची चर्चा गावात चवीने झाली. भगवंताने जे खाल्ले ते मला वर्ज्य कसे, एवढेच माझे उत्तर होते.

पालक आले, नाही असे नाही. एक वीरशैव गृहस्थ म्हणाले, "गुरुजी, कृष्ण तुमचा. आमच्या पोराला कामून खाऊ घालता कुणाचंबी?"

"तुमच्या मठात दासोह होतो ना? तिथे पंगतीत कोण बसला हे विचारतात का?"

"न्हाई विचारत."

"मग हा दासोहच समजा."

ते हसले. "तुमच्या तोंडाला लागून उपयोग न्हाई," म्हणाले आणि दुसऱ्या दिवसापासून मुलाच्या डब्यात भाकरी वाढल्या.

कालवायचे काम फिरते होते, पण चंद्रकलेच्या हाताला काही निराळीच चव होती, म्हणून परात बहुधा तिच्यापुढेच येई. तिखट नेमके, ताक नेमके. महिना सरला. गिरजाबाई नाव काढायला आल्या नाहीत. दुष्काळ सरेपर्यंत आणि वार्षिक परीक्षा होईपर्यंत ही मुलगी वर्गात राहील, अशी मला आशा वाटू लागली.

चांगल्या कामाचा एक शत्रू त्याचा बोभाटा असतो. काल्याची वार्ता अप्पांच्या कानावर गेली आणि त्यांना ती फार आवडली. इथूनच माझा संताप सुरू होतो आणि इतकी वर्षे उलटली तरी तो विझलेला नाही, हे लपवून ठेवण्याचे मला प्रयोजन दिसत नाही.

अप्पांनी मला गादीवर बोलावले. चहा मागवला. "गुरुजी, लई पुण्याचं काम करून राहिले तुम्ही. जिल्ह्याहून मोठे साहेब येणार हायेत. आपण गरीब मुलांना स्टीलची ताटं वाटू. तुमच्या वर्गातली कोणकोणती हायेत तेवढं सांगा."

"ते मला सांगता येणार नाही."

"म्हणजे? तुम्हाला ठाऊक न्हाई?"

"ठाऊक आहे. सांगणार नाही. काल्यात देणारा आणि घेणारा वेगळा करता येत नाही, अप्पा. वेगळा केला तर तो काला राहत नाही, तुकडे राहतात."

अप्पा दुष्ट नव्हते. हे मी आवर्जून लिहितो, कारण दुष्टांवर रागावणे सोपे असते. ते समजुतीच्या सुरात म्हणाले, "दान दिसल्याशिवाय दुसऱ्याला बुद्धी व्हत न्हाई, गुरुजी. एकानं दिलेलं बघून चौघं देतात."

"आणि एकाला घेताना पाहून चौघे काय करतात?"

त्यांनी चहाची कपबशी माझ्याकडे सरकवली. विषय तेथे संपला असे मला वाटले.

समारंभाच्या दिवशी मला शाळेच्या फाटकाशी उभे केले होते. पाहुणे आले की स्वस्तिवाचन करायचे. मी आशीर्वादाचे मंत्र म्हणत होतो त्याच वेळी आत मांडवात मुख्याध्यापकांनी, "ज्यांच्या घरून डबा येत नाही ती मुलं उजवीकडं बसा," असे सांगून माझा वर्ग दोन भागांत चिरला होता. पाहुण्यांच्या मागोमाग मी आत आलो तेव्हा उजवीकडे वेगळी रांग बसलेली होती. सर्वांत पुढे चंद्रकला होती.

एकेक नाव पुकारले जाऊ लागले. मूल वर यायचे, ताट घ्यायचे, छायाचित्रासाठी मान फिरवायचे. मी जागेवरून उठलो आणि मोठ्याने म्हणालो, "हे थांबवा! ही मुले खाली बसू द्या!" जन्मभर ज्या आवाजाने वर्ग हलवला तो माझा आवाज टाळ्यांच्या कडकडाटात बुडून गेला. शेजारच्या माणसाने प्रेमाने माझा हात धरून मला खाली बसवले. त्याला वाटले, गुरुजींना भरून आले.

त्या प्रत्येक ताटाच्या मध्यभागी अक्षरे कोरलेली होती : 'गरीब व होतकरू विद्यार्थ्यास सप्रेम भेट'. खाली अप्पांच्या अडतीचे नाव. भांड्यावर नाव घालण्याची आपली रीत जुनी आहे. लग्नात, मुंजीत आपण घालतो आणि त्यात जिव्हाळा असतो. पण ज्याला द्यायचे त्याच्या कपाळीची दशा त्याच्याच भांड्यावर कोरायची, हे कोणत्या धर्मात बसते? आपल्या शास्त्राने दात्याला सांगितले आहे की, देताना तू लाज. आम्ही ती लाज अलगद उचलून घेणाऱ्याच्या पदरात घातली आणि वर नारळ फोडला!

दुसऱ्या दिवशी चंद्रकला आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. परातीभोवती मुले बसली, पण डबे उपडे करताना प्रत्येकाची नजर शेजाऱ्याच्या डब्यावर जाऊ लागली. उजव्या रांगेतली काही मुले तर, भूक नाही असे सांगून, बाहेर झाडाखाली जाऊन बसली. इतक्या कष्टाने मुलांना जे पाहायचे नाही असे शिकवले होते, तेच एका सकाळी त्यांना पाहायला लावले गेले होते.

मी मोंढ्यात गेलो. अप्पांच्या अडतीसमोर गिरजाबाई आणि चंद्रकला झाडत होत्या. चंद्रकलेने माझ्याकडे पाहिले आणि खराटा चालूच ठेवला.

गिरजाबाई म्हणाल्या, "गुर्जी, आता नका सांगू काही. मीच म्हणलं व्हतं नाव काढा, तवा तुम्ही थांबिवलं. आता मी म्हणते जा, तर पोरगीच जाईना."

"चंद्रकले, बाळ..."

"त्या ताटात जेवायला बसलं की," ती खाली पाहतच म्हणाली, "आधी भाकर असती तवर काही न्हाई. भाकर संपत आली की अक्षरं वर येतेत. धाकटा नुकता वाचाया शिकलाय. त्यानं काल मोठ्यानं वाचलं."

मी सरळ अडतीच्या पायऱ्या चढलो. आयुष्यात मी इतक्या कठोरपणे कुणाशी बोललो नव्हतो. अप्पांनी ऐकून घेतले आणि दुखावल्या स्वरात म्हणाले, "गुरुजी, माहूरच्या पायऱ्यांवर देणाऱ्यांची नावं न्हाईत का? आई रेणुकेनं कधी रागवलं?"

"पायरीवरचे नाव भक्तांच्या पायाखाली यावे म्हणून घालतात, अप्पा. देणाऱ्याचा अहंकार रोज तुडवला जावा म्हणून. तुम्ही तुमचे नाव लेकरांच्या घशाखाली घातले आहे."

"झालं ते झालं. आता काय ताटं परत मागू?"

मी पायऱ्या उतरलो. अप्पांच्या प्रश्नाचे उत्तर एका विद्यार्थिनीने शोधले आणि मला न विचारता शोधले.

महानंदा एका सुट्टीच्या दिवशी स्टेशनामागच्या वस्तीत गेली. तेथे काय झाले ते चंद्रकलेने मला पुढे सांगितले. महानंदा दारात उभी राहून म्हणाली, "ये ना गं शाळेत. काल मी कालवलं तर नुसता जाळ झाला. बसवराज अजून पाणी पिऊन राहिला."

"तुझ्या बापाला सांग कालवायला."

महानंदा हलली नाही. "ते ताट दे."

"कशाला?"

"मला पाहिजे. माझं तुला देते." तिने पिशवीतून घरचे रोजचे ताट काढले. त्यावर काही कोरलेले नव्हते.

"दान देतीस?"

"दान कसलं? अदलाबदल हाय. तुझं न्हाई दिलंस तर माझंबी मिळणार न्हाई."

ताट बदलले गेले आणि महानंदा घरी त्या ताटात जेवू लागली. आईने रागावून पाहिले, ताट लपवून पाहिले. ती पाटावर उपाशी बसून राही, पण दुसऱ्या ताटात हात घालीत नसे. वडिलांच्या समोर बसून, एक शब्द न बोलता, ती शांतपणे भाकर संपवी.

अप्पा स्वतःहून माझ्या घरी आले. देवघराकडे तोंड करून बसले. टोपी हातात फिरवीत म्हणाले, "गुरुजी, पोरीचं जेवण संपत आलं की मला घाम सुटतो. वर 'गरीब', खाली माझं नाव, अन् मधी माझ्या लेकीचा हात. तिची मायबी रडती. घास उतरंना मला."

"मग?"

"त्या पोरीला शाळेत पाठवा म्हणून तिच्या आईला सांगतो. गड्याला धाडून निरोप देतो."

"निरोप?" मी म्हणालो. माझा आवाज चढला असावा, कारण आतून आमच्या सौभाग्यवती बाहेर आल्या. "ताट देताना गड्याला धाडले होते का? तेव्हा मांडव घातला, साहेब आणले. चारचौघांत दिलेत तर चारचौघांतच बोला."

दुसऱ्या दिवशी सकाळी मोंढ्यात सौदा उरकला आणि हमाल पोती उचलू लागले तेव्हा अप्पा गादीवरून उतरून खाली मातेऱ्यात आले. चपला काढल्या होत्या की घालायच्या राहिल्या होत्या, कोण जाणे. मी रस्त्यापलीकडे उभा होतो. आसपासचे अडते, हमाल, झाडणाऱ्या बायका सारे थबकले.

"गिरजाबाई, माझं चुकलं. पोरीला शाळेत धाडा."

गिरजाबाईंनी पदर सावरला. "मला कामून सांगता, अप्पा? जिला ताट दिलं ती उभी हाय की समोर."

सबंध मोंढ्यादेखत त्या मनुष्याला एका चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीकडे वळावे लागले. ओठ हलले, पण शब्द काही केल्या येईना. शेवटी ते म्हणाले, "पोरी, ती सगळी ताटं बदलून देतो. साधी. नावं न घालता. पुन्हा रांग बसणार न्हाई शाळेत. येशील?"

चंद्रकलेने खराटा आईच्या हाती दिला. मातेरे सुपात भरून घेतले. ते तिचे होते, ते तिने सोडले नाही. मग म्हणाली, "येते. पण रोज मीच कालवणार न्हाई. पाळीपाळीनं बसायचं. महानंदाला शिकवते मी, तिला मिठाचा अंदाज न्हाई."

हमाल मोठ्याने हसले. अप्पाही हसले, आणि टोपीने तोंड पुसले.

ती परीक्षेला बसली आणि उत्तीर्ण झाली. पण सारेच परतले असे नाही, हे लिहिल्यावाचून मला हात थांबवता येत नाही. उजव्या रांगेतला एक मुलगा, ज्याचा बाप तलावाच्या कामावर खडी फोडी, त्याच समारंभानंतर मामाकडे निघून गेला. मी त्याच्या गावी जाऊन आलो. घराला कडी होती. शेजारणीने सांगितले की घरचे सारेच गाव सोडून गेले आणि जाताना त्यांनी थोडी भांडी विकली. त्यात ते ताट होते का, हे मी विचारले नाही. त्याच्या वाट्याचे साधे ताट अप्पांनी शाळेत आणून दिले होते. ते घेऊन जायला कुणी आले नाही. मी निवृत्त होईपर्यंत मधल्या सुट्टीत मुले परातीभोवती बसली की ते ताट मांडले जाई, आणि ज्या मुलाला बसायला उशीर होई, ते मूल कुणाचेही असो, त्यात जेवत असे.